एकशे एकावी गाडी

रस्त्यांच्या मानकांचं पुस्तक दोनशे चौदा पानांचं आहे आणि त्यात ‘माणूस’ हा शब्द सहा वेळा येतो. मी मोजलं आहे. त्यातल्या चार वेळा तो दिव्याच्या खांबाची उंची ठरवताना येतो. अठ्ठावीस वर्षं मी गोंदियात ले-आऊटचे नकाशे काढतोय, त्यामुळे पुस्तक मला तोंडपाठ आहे आणि त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

दवनीवाड्याच्या बाहेर दुधराम नावाच्या माणसानं नऊ प्लॉटचं एक ले-आऊट पाडलं, त्याचा नकाशा माझाच. नऊ प्लॉट एका रांगेत, त्यांच्यासमोर एक रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे चैतराम पंधरेची बांधी, म्हणजे धानाचं खाचर. आठ प्लॉटचे मालक नागपूर, रायपूर, पुणे असे पांगलेले. आपला प्लॉट त्यांनी मोबाइलवरच्या फोटोत पाहिला होता आणि तेवढ्यावर ते खूश होते. नववा, अगदी शेवटचा प्लॉट पार्वताबाई मेश्रामचा. तिला त्यावर घर बांधून राहायचं होतं. साऱ्या ले-आऊटमध्ये हा विचार फक्त तिच्या डोक्यात आला होता.

नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं पार्वताबाई भावाच्या घराच्या मागच्या पडवीत राहत होती. पडवीला दार नव्हतं, जुन्या लुगड्याचा पडदा होता. भाऊ वाईट नव्हता, भावजयही नव्हती, पण पडदा तो पडदाच. प्लॉट नावावर झाला त्याच दिवशी ती माझ्या ऑफिसात येऊन बसली.

“बाबू, मले दोन दारं पायजेत,” ती म्हणाली. “एक पुढं, एक मागं. अन् समोरच्या भिंतीवर बुद्धाचा अन् बाबासायबाचा फोटो लावाचा आहे. तिथं खिडकी नोको काढू.”

मी घर काढून दिलं. दोन खोल्या, दोन दारं, समोरची भिंत कोरी. आता फक्त बांधकामाची परवानगी हवी होती. परवानगीसाठी रस्ता पूर्ण झाल्याचा दाखला हवा, आणि दाखला देणार रस्ता मानक कक्ष. तिथूनच सगळी भानगड सुरू झाली.

रस्ता ऐंशी मीटर लांब होता आणि चैतरामच्या बांधीपाशी जाऊन संपत होता. पुस्तक सांगतं, नव्या वस्तीचा रस्ता असा मध्येच संपू नये, शेजारच्या रस्त्याला जाऊन मिळावा. शेजारी रस्ता नव्हता, धान होतं. मी चैतरामकडे गेलो. तो धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या तुरीला पाणी देत होता. रस्ता पुढे न्यायला पट्टाभर जागा देता का, म्हणून विचारलं.

“कायले?” तो म्हणाला.

“पुढं जायला.”

“पुढं माजी बांधी आहे. तिच्यात कोनाले जायाचा आहे?”

या प्रश्नाचं उत्तर दोनशे चौदा पानांत नाही. मी परत आलो.

रस्ता पुढे जात नसेल आणि पंचाहत्तर मीटरपेक्षा लांब असेल, तर शेवटी नऊ मीटर त्रिज्येचा गोल हवा. का, तर अग्निशमनाचा बंब आत आला तर मागे न घेता वळून बाहेर जावा. वस्तीत घर एकही नाही, म्हणजे जळायला काही नाही, पण बंब वळला पाहिजे. दुधरामनं कुरकुरत सगळं केलं. नऊ मीटर रुंदीचा सिमेंटचा रस्ता, कडेला पदपथ, कोपऱ्यांना गोलाई, शेवटी तो गोल. पदपथावरून चैतरामच्या धानात उतरायला पांढऱ्या पट्ट्यांचं क्रॉसिंग. एक सूचनाफलकही लागतो, तर दुधरामकडे दुसऱ्या कुठल्या तरी कामातून उरलेला ‘पुढे शाळा आहे’ असा फलक होता, तो त्यानं लावला. पुस्तकात फलक असावा एवढंच आहे, खरा असावा असं नाही.

रस्ता झाला आणि दुधराम दुसरं ले-आऊट पाडायला निघून गेला. राहिली फक्त वाहतूक गणना. एक दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा रस्त्यावरची वाहनं मोजायची, की दाखला हातात. जाणारी वेगळी, येणारी वेगळी. मी पार्वताबाईला म्हटलं, मावशी, झालंच समजा. असं म्हणू नये, हे मला या धंद्यात इतकी वर्षं घालवूनही कळलेलं नाही.

गणनेला माणूस आला तो जागेश्वर. बारीक, नीटनेटका, शर्टाच्या खिशात तीन पेनं. हा माणूस खोटं लिहीत नाही, अशी त्याची सगळ्या तालुक्यात ख्याती होती आणि त्यामुळे त्याला कोणी जेवायलाही बोलवत नसे. खुर्ची, छत्री आणि फॉर्मांचा गठ्ठा घेऊन तो रस्त्याच्या तोंडाशी बसला. तासभर काहीच आलं नाही. मग त्यानं सूचना वाचल्या. गणना रस्त्यावरील सर्वाधिक वर्दळीच्या ठिकाणी करावी, असं लिहिलं होतं. त्यानं मान वर करून पाहिलं. रस्ता सगळा मोकळा, पण पार शेवटी, गोलावर, एक ट्रॅक्टर चाललेला दिसत होता. जागेश्वरनं खुर्ची उचलली आणि तिकडे गेला.

तो नोव्हेंबरचा शेवट होता. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. आमच्याकडे अजून कितीतरी लोक पेंढ्या जमिनीवर पसरून त्यावर ट्रॅक्टर फिरवून धान चुरतात. जमीन मातीची असते, म्हणून तांदळात खडे येतात. पार्वताबाईनं ठेक्यानं अर्धा एकर केलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर हा गोल आला: सिमेंटचा, गुळगुळीत, झाडून घेतला की ताटासारखा स्वच्छ. इतकी वर्षं मानकं लिहिली जातायत, पण त्या गोलाचा खरा उपयोग काय ते पार्वताबाईला एका नजरेत कळलं. तिनं चैतरामला विचारलं आणि चैतरामनं, ज्यानं रस्त्याला बोटभर जागा दिली नव्हती, आपला ट्रॅक्टर आणि आपलं धानही आणलं. गोल त्याला फार आवडला.

तर तो ट्रॅक्टर पेंढ्यांवरून गोल गोल फिरत होता आणि जागेश्वर मोजत होता. अर्धा फेरा जाणारा, अर्धा येणारा. दुपारी पार्वताबाईनं त्याला भाकर दिली, ती त्यानं एका हातानं खाल्ली, दुसऱ्या हातानं रेघा मारत राहिला.

“साहेब, येकच ट्रॅक्टर आहे ना जी,” चैतराम वरून ओरडला.

“फॉर्मात गाडीचा नंबर लिहायचा रकाना नाही,” जागेश्वर म्हणाला.

संध्याकाळी सहाला त्यानं बेरीज केली. जाणारी पाचशे त्रेसष्ट, येणारी पाचशे त्रेसष्ट. एकूण अकराशे सव्वीस अवजड वाहनं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. ज्या रस्त्यावर रोज अकराशे सव्वीस अवजड वाहनं धावतात तो नऊ मीटरचा असूच शकत नाही. त्याचा वर्ग बदलण्यात येत असून तो अठरा मीटरचा करावा, मध्ये दुभाजक घालावा, आणि वाढीव नऊ मीटर ले-आऊटच्या बाजूनं घ्यावेत.

मी टेबलावर हिशेब मांडला. पार्वताबाईचा प्लॉट चाळीस फूट खोल. त्यातले साडेएकोणतीस फूट रस्त्यात गेले, उरले साडेदहा. शिवाय अठरा मीटर रस्त्यालगत पुढे साडेचार मीटर मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे तिचं घर तिच्या मागच्या हद्दीच्या सव्वाचार फूट पलीकडे, दुसऱ्याच्या शेतात सुरू होत होतं. मी तीनदा मोजलं. नकाशाप्रमाणे तिचं पुढचं दार दुसऱ्याच्या शेतात आणि मागचं दार त्याच्याही मागे. बाकीच्या आठ मालकांना फोन केले. सगळ्यांचं एकच म्हणणं, रस्ता मोठा होतोय ना, मग उत्तमच.

पार्वताबाईला सांगायला मी स्वतः गेलो. ती पडवीत बसून तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “यंदा येकही खडा नाई निंगला, बाबू. धान इतका साफ कदीच नोता.” मग थोड्या वेळानं, “माज्याच धानानं माजा घर खाल्ला म्हन का.” खरं सांगतो, मला रडू आलं होतं, पण मी पुस्तकाला शिव्या देऊन वेळ मारून नेली.

हरकत घेतली. पुन्हा गणना मंजूर झाली. या वेळी मी सगळ्यांना बजावून ठेवलं, त्या दिवशी रस्त्यावर चाक म्हणून फिरता कामा नये. लोक फार इमानदार निघाले. दूधवाला बांध्यांतून पायी गेला. चैतरामच्या मुलानं, रूपेशनं, मोटारसायकल झाकून ठेवली. खुद्द जागेश्वरनं आपली गाडी मोठ्या रस्त्यावर लावली आणि चालत आला, कारण स्वतःची गाडी मोजावी लागली असती. दिवसभर तो खुर्चीत बसून होता. अकराच्या सुमाराला बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ पायलटचं छोटं विमान डोक्यावरून गेलं, तेव्हा त्यानं आशेनं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. विमानाचा रकाना नव्हता. संध्याकाळी त्यानं शून्य लिहिलं आणि शून्याभोवती सही केली.

या वेळी पत्र आठच दिवसांत आलं. रस्त्यावर एकही वाहन आढळलं नाही, त्याअर्थी रस्त्याची आवश्यकता सिद्ध होत नाही. अनावश्यक रस्ता रद्द का करू नये याचा खुलासा करावा. रस्ता रद्द झाल्यास त्यावरील प्लॉट बिनरस्त्याचे ठरतील आणि त्यांवर बांधकाम करता येणार नाही, याची नोंद घ्यावी.

मी कक्षात जाऊन भांडलो. टेबलावर हात आपटले. तिथल्या साहेबांनी मला पाणी दिलं आणि पान सत्त्याऐंशी उघडून दाखवलं. स्थानिक रस्ता, नऊ मीटर: रोजची वाहनं पन्नास ते शंभर. पन्नासच्या खाली रस्ता नाही, शंभरच्या वर अठरा मीटर. तिसरी आणि शेवटची गणना आठ दिवसांनी, ती बंधनकारक.

“पन्नास ते शंभर,” साहेब समजावत म्हणाले. “काही फार कठीण नाही.”

खरंच नव्हतं. मी वेळापत्रक केलं. दूधवाला, त्याच्या दोन, एक जाताना, एक येताना. रूपेशच्या मोटारसायकलच्या दर तासाला दोन. शाळेच्या गुरुजींची स्कूटर, भाजीवाल्याचा ऑटो, माझी स्वतःची गाडी. बेरीज बहात्तर. वर अठ्ठावीसची ऐसपैस जागा. मावशीला म्हटलं, काळजी करू नका. चैतरामला मात्र मी बजावलं होतं, ट्रॅक्टर दृष्टीस पडता कामा नये. त्यानं सकाळीच तो लांबच्या पुंजण्यामागे नेऊन उभा केला होता.

पण गावात बातमी वेगळीच गेली. पार्वताबाईच्या घरासाठी गाड्या पाहिजेत, एवढंच लोकांनी ऐकलं. एकोणीस वर्षं ती बाई पडद्यामागे राहतेय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वाटलं आपलाही एक हात लागावा. दहा वाजता तीन माणसं मोटारसायकलींवरून आली, गोलावर वळली आणि नमस्कार करून गेली. सहा. मग कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका वाटणारे आले. भाजीवाला भोंग्यावर “ताजा भटा ले लो, मेथी ले लो” ओरडत आला, घर एकही नाही हे पाहूनही त्यानं मन लावून दोन फेऱ्या मारल्या. दोन वाजता आकडा एकोणऐंशी. मी रस्त्याच्या तोंडाशी धावलो आणि हात जोडून लोकांना परत पाठवू लागलो.

“काऊन? गाड्या पायजेत ना?”

“पाहिजेत. पण आता नकोत.”

“असा कसा घर आहे?” एक म्हातारा चिडून म्हणाला आणि मला चुकवून आत शिरला. गेला, आला. दोन.

पाच वाजता आकडा नव्व्याण्णव होता; गुरुजींची स्कूटर आत येऊन बंद पडली होती. मी तोंडाशी दोरी बांधली आणि रूपेशला तिथं उभं केलं. मग गोलापाशी आलो. जागेश्वर, त्याच्या बाजूला पार्वताबाई. ती सकाळपासून काही खाऊन नव्हती. “बस येक तास,” ती दर थोड्या वेळानं म्हणत होती, आणि तो एक तास काही केल्या संपत नव्हता.

साडेपाचच्या आधी बांधीतून ओरडा आला. चैतराम ट्रॅक्टरवर तणस, म्हणजे वाळला पेंढा, टाकायला गेला होता, म्हणजे चमकणारा पत्रा कोणाला दिसून मोह नको. पुंजण्यात हात घातला आणि साप चावला. चार माणसं त्याला उचलून सगळ्यात जवळच्या पक्क्या जागेवर, गोलावर घेऊन आली. हात कोपरापर्यंत सुजायला लागला होता. रूपेशनं दोरी सोडून आधीच फोन लावला होता.

एकशे आठची, दवाखान्याची गाडी लवकर आली. तिनं दोरीकडे पाहिलंसुद्धा नाही, तोडून सरळ आत. शंभर. गोलावर आली आणि मागे न घेता, न थांबता, एकाच वळणात अशी सुंदर वळली की क्षणभर मला त्या पुस्तकाबद्दल आदर वाटला. चैतरामला आत घेतलं. दार लागलं. मी घड्याळात पाहिलं. पाच एक्केचाळीस.

आता मी जे केलं ते सांगतो. मी गाडीसमोर जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात पसरून.

“एकोणीस मिनिटं,” मी ड्रायव्हरला म्हटलं. “फक्त एकोणीस मिनिटं थांबा. इंजेक्शन आत देता येत नाही का? आत यायला हरकत नव्हती, पण बाहेर जाताना एकशे एक होतात.”

“पागल हो गए हो क्या?” आतला डॉक्टर ओरडला.

मला तेव्हा ते पागलपण वाटलं नाही. मला दोन खोल्या दिसत होत्या, दोन दारं, कोरी भिंत. त्या माझ्या हातानं काढलेल्या होत्या. आणि जागेश्वर पेन उघडून, रकान्यावर टेकवून, शांतपणे गाडीच्या चाकांकडे पाहत होता. एका माणसाचा हात काळा पडत होता आणि आम्ही दोघं सुशिक्षित माणसं शंभरपर्यंत मोजत होतो. आजही आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

सगळ्यांत कहर म्हणजे चैतराम. त्यानं आतून काचेवर टकटक केली, काच सरकवली आणि घामानं भिजलेला चेहरा बाहेर काढला. “थांबू द्या ना जी गाडी,” तो म्हणाला. जीभ जड झाली होती. “सा वाजू द्या. मी काढतो येवढा वेर. बाईचा घर आहे.”

पार्वताबाई पुढे आली. तिनं माझा दंड धरला आणि मला असं ओढलं की मी पदपथावर जाऊन बसलो.

“बेअक्कल मेल्याहो,” ती म्हणाली, आणि हे आम्हां तिघांनाही होतं. मग चैतरामकडे वळून, “तू मरशील अन् मी घर बांधीन? त्या घरात मले झोप येल का रे? जा मुकाट्यानं!” तिनं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. गाडी निघाली. ऐंशी मीटर रस्ता तिनं काही सेकंदांत कापला. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पार्वताबाई पाहत होती, आणि मग तिच्या मागे पेनाचा आवाज झाला.

जागेश्वरनं एकशे एक लिहिलं. लिहून झाल्यावर त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. सहा वाजले. मग त्यानं फॉर्म पुढे केला, कारण तिथं प्लॉटधारकाची सही लागते. पार्वताबाईनं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, नवऱ्याच्या नावासकट.

चैतराम वाचला. सहाव्या दिवशी गोंदियाहून घरी आला.

अठरा मीटरचा आदेशही आला. हद्द आखायला जागेश्वर आणि मी टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन गेलो. पार्वताबाई आधीच प्लॉटवर उभी होती. मी तिच्या तोंडाकडे न पाहता साडेएकोणतीस फूट मोजले आणि जिथं तिची पुढची खोली झाली असती तिथून चुन्याची रेघ ओढली. ओढून उभा राहतो तर बांधीतून चैतराम येताना दिसला. हाताला पट्टी. तो आला, त्यानं रेघेकडे पाहिलं, आणि चप्पल काढून पायानं ती पुसायला लागला.

“ओ, सरकारी रेघ आहे ती!” जागेश्वर म्हणाला.

“तिकडून मारा,” चैतराम आपल्या बांधीकडे बोट करून म्हणाला. “नवू मीटर तिकडून घ्या. मी लिवून देतो.”

शेजारचा मालक लेखी राजी असेल तर वाढीव रुंदी त्याच्या बाजूनं घेता येते, हे पुस्तकात आहे. पान एकशे तीन. असा मालक जगात कुठे असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, म्हणून ते पान मी कधी नीट वाचलं नव्हतं. मी मनात हिशेब केला. ऐंशी मीटर लांब, नऊ रुंद. सव्वासात आर बांधी जाणार, धुऱ्यासकट, तुरीसकट.

“चैतराम भाऊ, किती जमीन जाते माहीत आहे का?”

“मले मोजता येते.”

त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, बांधीत उतरला आणि डाव्या हातानं चुना टाकत चालू लागला. दहा पावलं गेला नसेल तोच पार्वताबाई मागून पोचली आणि पदरानं ती रेघ पुसायला लागली.

“मले उपकार नोको तुजा! माजी जागा गेली ना, जाऊ दे!”

“तुजी कायले जाल? रस्ता माज्या बांधीतून जाल!”

“कोन सांगतला तुले? सायबानं माज्यातून सांगतला आहे. कागद आहे माज्यापासी!”

तिनं पिशवी हिसकली आणि आपल्या प्लॉटवर जाऊन, आपल्याच होणाऱ्या खोलीतून पुन्हा रेघ मारली. त्यानं जाऊन ती पुसली. गोंदिया जिल्ह्यात जमिनीच्या हद्दीवरून डोकी फुटतात, मी कितीतरी पाहिली आहेत. पण दोघंही रस्ता आपल्याच जमिनीत ओढतायत आणि त्यासाठी एकमेकांना शिव्या देतायत, असं मी पहिल्यांदा पाहत होतो. जागेश्वर हरकतीचा फॉर्म शोधत होता. ‘माझी जमीन घेतली जात आहे’ असा एक रकाना होता. ‘माझी जमीन घेतली जात नाही’ असा नव्हता. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

तीनदा रेघ मारली गेली, तीनदा पुसली गेली. शेवटी चैतराम दमला. अजून अंगात ताकद आली नव्हती. तो पदपथावर बसला आणि धापा टाकत म्हणाला, “त्या घरात झोप नाई येल म्हनलीस ना तू? दवाखान्यातून आलो त्या दिसापासून मी जागाच आहो, बाई. तुजा रिकामा प्लॉट दिसते खाटेवरून. आता मले तरी झोपू दे.”

पार्वताबाई पिशवी हातात धरून उभी राहिली. पदराला लागलेला चुना झटकला. मग तिनं ती पिशवी माझ्याकडे दिली.

“मार तिकडून,” ती म्हणाली. “पर सरळ मार, बाबू. त्याची बांधी आहे.”

मी बांधीत उतरलो. अठ्ठावीस वर्षं माझी रेघ कधी हलली नव्हती. त्या दिवशी ती अशी नागमोडी आली की जागेश्वरनं वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नोंदवहीत लिहिलं, “रेघ सरळ आहे.”